पाचाला पाच आणि अकरा नावं

देवमनला गाढ झोप लागत होती, याची वच्छलाबाईंना काळजी लागून राहिली होती.

मुलाला झोप लागत नाही म्हणून आया डॉक्टरकडे धावतात. इथं सगळं उलटं होतं. सहा दिवस झाले, पोरगा रात्री दहाच्या पुढे ड्युटीवरून येत होता, दोन भाकरी आणि वाटीभर वरण संपवत होता आणि पाठ टेकली की घोरायला लागत होता. कूस बदलणं नाही, उसासा नाही. एखादा साधा भुरटा चोर असता तर निदान कडी वाजल्यावर दचकला असता. ज्यानं एका म्हातारीला तोंडावर खोटं सांगितलं, तेच खोटं सरकारी रजिस्टरात लिहिलं आणि एका लाइनमनला रात्रीच्या अंधारात नाल्यात पाडलं, त्याला अशी झोप लागते कशी? वच्छलाबाई बी.ए. होत्या. कॉलेजात त्यांना तर्कशास्त्र होतं. त्यात याचं उत्तर नव्हतं.

देवमन उकंडराव इंगोले, वय तेवीस, हिवरदरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, अजून टेंपररी. पुढच्या महिन्यात कायम होण्याची ऑर्डर यायची होती. वडील उकंडराव जऊळक्याला रेल्वेच्या फाटकावर. ते रविवारी घरी येत आणि आठवड्याचं बोलणं दोन वाक्यांत उरकून जात. आई गावातल्याच शाळेत शिक्षिका. धर्मांतराच्या आदल्या वर्षी जन्मलेला हा एकुलता एक मुलगा मोठेपणी काय होईल, याबद्दल आईच्या मनात बऱ्याच कल्पना होत्या. तो श्रोता होईल, ही त्यांत नव्हती.

पण तो श्रोता झाला. नोकरी त्याचा जोडधंदा होता.

हे सुरू झालं अमीनाबीच्या घरी. अमीनाबी शेजारीण, बांगड्या भरणारी. तिच्या भावानं मुंबईहून आणलेला रेडिओ आळीतला एकमेव रेडिओ होता आणि त्याला तिनं कशिदा काढलेलं झाकण घातलं होतं. दर गुरुवारी आठ वाजता ते झाकण उचललं जायचं आणि ‘पाचाला पाच’ हा प्रश्नांचा खेळ लागायचा. निवेदकांचा आवाज असा, की ऐकणारा आपोआप मांडी घालून बसायचा. ते पाच प्रश्न विचारत. एखादी नदी, एखादा राजा, एखादं झाड, एखादं कोडं, आणि पाचवा प्रश्न असा की ऐकून शाळेचे हेडमास्तरही खाकरत. उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवायची. दोन आठवड्यांनी, ज्यांची पाचही बरोबर, त्यांची नावं वाचली जायची. बक्षीस काहीही नाही. नाव वाचलं, हेच बक्षीस.

देवमन अकरा वर्षांचा असताना त्यानं पहिलं पोस्टकार्ड लिहिलं. पाचातली चार उत्तरं आईची होती, अक्षर त्याचं होतं. खाली नाव लिहायला घेतलं तेव्हा वच्छलाबाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, “रेडिओ ज्याचा, त्याचं नाव आधी. मंग मोठ्यायचं. आपलं शेवटी.” त्यानं तसं केलं: अमीनाबी, वच्छला, उकंडराव आणि देवमन. पंधरा दिवसांनी ती चार नावं त्याच क्रमानं रेडिओवरून आली. अमीनाबी इतकी खूश झाली की तिनं वच्छलाबाईंना त्या दिवशी फुकट बांगड्या भरल्या.

आपण एका मुलाला नम्रता शिकवली असं वच्छलाबाईंना वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी गावाला एक नवी सोय करून दिली होती. ज्याला त्याला कार्डावर यायचं होतं. दोस्त जानराव आला. कापडवाला रज्जाक आला. अमीनाबीची फरहत आली आणि तिचं लग्न झाल्यावर जावईही आला. भागिरथा आजी आल्या, आणि पुढे त्या वारल्या तरी कार्डावरून हलल्या नाहीत. देवमन म्हणाला, क्रम मोडला तर अपशकुन होतो. शेवटी अकरा नावं झाली. उत्तरांना पोस्टकार्डाचा वरचा कोपरा उरला होता.

बारा वर्षं त्यानं एक गुरुवार चुकवला नाही. मॅट्रिकच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तो अमीनाबीकडेच होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी इंग्रजीत नापास झाला, तेव्हा आईनं कारण विचारलं तर म्हणाला, “माय, त्या पेपरात जे विचारलं ते कोनीच विचारत नाही.” खेळाचे सगळे प्रश्न आणि उत्तरं त्यानं वह्यांत उतरवली होती. सहाशेच्या वर गुरुवार, सात वह्या, प्रत्येकीला खाकी कव्हर. स्वतःच्या मार्कशीटा कुठे आहेत हे त्याला आजही आईला विचारावं लागतं.

मग खेळ बदलला.

आधी निवेदक बदलले. जुने गेले, कुठे गेले ते कुणी सांगितलं नाही. नवा आला तो बोलण्याआधी हसायचा, मग बोलायचा, मग आपण काय बोललो यावर हसायचा. देवमननं त्याचं नाव पहिल्याच दिवशी ‘खिदळ्या’ ठेवलं. दुसऱ्या महिन्यात घंटी आली: उत्तर बरोबर तर टिंग, चूक तर भोंगा. मग दंतमंजनवाले आले आणि दर प्रश्नाच्या मध्ये दात घासायला लागले. नद्या आणि राजे गेले. त्यांच्या जागी आवाज आले. एक आवाज ऐकवायचा आणि विचारायचं, सांगा, हे काय आहे? शहरात म्हणे आता चित्रं दिसणारा रेडिओ आला होता, आणि खिदळ्याचं सगळं लक्ष तिकडं लागलं होतं. बोलता बोलता तो “पाहा, पाहा” म्हणायचा. हिवरदरीत जमलेली माणसं रेडिओच्या कशिद्याकडे पाहायची.

देवमनचं जेवण कमी झालं. आईला तेव्हाही काळजी वाटली होती. आता तिला ते दिवस बरे वाटत होते.

“माय, काल त्यानं काय विचारलं माहीत आहे?” तो ताटावर बसून सांगायचा. “पापड मोडल्याचा आवाज. मी बारा वर्षं नद्या पाठ केल्या. कायले केल्या? पापडासाठी?”

“मंग ओळखला का तू?”

“कोनीबी ओळखन.”

“तू ओळखला का?”

“मी बांगडी म्हनलं,” तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

त्यानं निषेधाची पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात खेळाची परंपरा होती, दुसऱ्यात खेळाचा ऱ्हास, तिसऱ्यात राष्ट्राचा. शुद्धलेखन आईनं तपासलं. उत्तर एकाचंही आलं नाही. चौथं पत्र टाकायच्या आतच खिदळ्यानं जाहीर केलं की इथून पुढं पोस्टकार्डं बंद. प्रश्न विचारल्यावर जो पहिला फोन करेल आणि बरोबर सांगेल, तो जिंकला. त्याला दंतमंजनाचे सहा डबे.

हे ऐकून देवमन अमीनाबीच्या ओट्यावर येऊन बसला. घरात कुणी गेल्यावर माणसं जशी बसतात, तसा. मग म्हणाला, “म्हंजे आता फक्त शहरातले.”

खरंच होतं. हिवरदरीत मोजून अठरा टेलिफोन होते. गावाबाहेर जायला तार एकच. बाहेरगावी बोलायचं तर सकाळी ट्रंक कॉल नोंदवायचा, तो संध्याकाळी लागला तर लागला. म्हणजे आठ वाजता विचारायच्या प्रश्नाचं उत्तर सकाळी दहाला ठरवून ठेवावं लागणार. अख्ख्या गावात एकच माणूस असा होता, ज्याला नोंदवायची गरज नव्हती, कारण ती एकुलती एक तार रोज आठ तास त्याच्या हातात असायची.

“मी त्याले फोन करनार नाही,” देवमननं सगळ्यांना सांगितलं. “खरा श्रोता पोस्टकार्ड लिहितो.” हे त्यानं इतक्यांदा सांगितलं, की वच्छलाबाईंनी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गेल्या गुरुवारची गोष्ट. देवमनची ड्युटी आता दुपारी दोन ते रात्री दहा झाली होती. अमीनाबीची फरहत नांदेडला दवाखान्यात होती, दिवस भरले होते. जावयानं कळवलं होतं की गुरुवारी आठ वाजता मी दवाखान्याशेजारच्या दुकानात फोनजवळ थांबतो, साडेआठला दुकान बंद होतं, तेवढ्यात फोन करा. अमीनाबीनं दुपारीच कॉल नोंदवला. नोंद देवमननंच केली, स्वतःच्या हातानं, वर म्हणाला, “बी, तुमी फिकर करू नोका. आठले पहिला तुमचा.”

एक्स्चेंज म्हणजे पोस्टाची मागची खोली. समोर व्हरांडा, त्यात बाकडं आणि भिंतीवर बोलायचा फोन. साडेसातपासून अमीनाबी आणि तिच्या सोबतीला वच्छलाबाई त्या बाकड्यावर बसल्या होत्या. रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल, तिथं रेडिओ लागलेला. आठ वाजले. ‘पाचाला पाच’ची घंटी वाजली. आठ-पाच झाले. खोलीच्या खिडकीतून देवमननं डोकं बाहेर काढलं. त्याचे डोळे दोघींच्या डोक्यांवरून पलीकडे कुठेतरी पाहत होते.

“बी, लाइन गेली वाटते. तार तुटली कुठी तरी.”

“आता रे बाप्पा,” अमीनाबी म्हणाली. “पोरगा तिथी उभा असंन ना.”

“पाहतो मी,” देवमन म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. एरवी ती खिडकी कधीच लावली जात नसे.

हॉटेलातल्या रेडिओवर एक आवाज ऐकवला गेला. आधी सुस्कारा, मग शिट्टी, मग पुन्हा सुस्कारा. कुणी शहरातला म्हणाला, रेल्वेचं इंजिन. भोंगा वाजला. दुसरा म्हणाला, मालगाडीचं इंजिन. पुन्हा भोंगा. मग खिदळ्या हसला, “हॅलो, कोण बोलतंय? लांबून बोलताय वाटतं. सांगा, काय आहे हे?”

“कुकर,” रेडिओ म्हणाला.

तो आवाज वच्छलाबाईंना दोन ठिकाणांहून ऐकू आला. समोरच्या हॉटेलातून आणि पाठीमागच्या भिंतीतून. आणि कुकर त्यांचाच होता. आळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. फाटकावरच्या माणसाचा मुलगा, इंजिनाची शिट्टी तो बरोबर ओळखत होता, म्हणून हे इंजिन नाही हेही त्याला कळलं होतं. बारा वर्षांचा अभ्यास, सात वह्या, आणि शेवटी कामाला आला आईचा वरणभात.

टिंग झालं. हॉटेलातले लोक टाळ्या वाजवत होते. “आपलं नाव सांगा,” खिदळ्या म्हणाला.

आणि देवमननं पोस्टकार्ड वाचायला सुरुवात केली. समोर कार्ड नव्हतं, पण बारा वर्षांची सवय होती. ज्याचा रेडिओ त्याचं नाव आधी.

“हिवरदरीहून अमीनाबी, वच्छला, उकंडराव, जानराव, भागिरथाबाई…”

“अहो, बारसं आहे का काय तुमच्याकडं?” खिदळ्या म्हणाला. मागं हशा झाला, कुणीतरी घंटी बडवली, आणि दंतमंजनाचं गाणं लागलं. भागिरथाबाईंना मरून चार वर्षं झाली होती. त्यांच्यापर्यंतच नावं पोचली. ‘देवमन’ हे अकरावं नाव कुणाच्या कानी पडलंच नाही.

व्हरांड्यात अमीनाबी पदर सावरत बसली होती. मग हळूच म्हणाली, “वच्छला, लाइन त चालू हाय. पोट्टा रेडिओत बोलून राह्यला.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “माहं नाव पयलं घेतलं त्यानं.”

यात टोमणा होता की कौतुक, हे वच्छलाबाईंना आजवर कळलेलं नाही. विचारायची त्यांची हिंमत झालेली नाही.

खिडकी उघडली ती आठ-पस्तीसला. देवमन घामेजलेला, हसू आवरत, म्हणाला, “बी, आली लाइन. लावू का?” नांदेडचं दुकान तोवर बंद झालं होतं. तिकडं नुसतीच घंटी वाजत राहिली. फरहतला मुलगी झाली आणि दोघी खुशाल आहेत, हे अमीनाबीला दुसऱ्या दिवशी दुपारी तारेनं कळलं. मधले सोळा तास तिनं कसे काढले ते वच्छलाबाईंनी शेजारी बसून पाहिलं.

इथं हे संपलं असतं. पण खोट्याचं एक असतं, की त्याला सोबत लागते. अमीनाबीला तार तुटली सांगितलं, म्हणून देवमननं रजिस्टरात लिहिलं: लाइन बंद, आठ ते आठ-पस्तीस. रजिस्टरात लिहिलं म्हणून नियमाप्रमाणे लाइनमनला कळवावं लागलं. लाइनमन सेवादास, तांड्यावरचा, पन्नाशी उलटलेला, नुकता जेवायला बसला होता. ताट झाकून तो निघाला. दोर, पक्कड आणि टॉर्च घेऊन जऊळक्याच्या बाजूला सायकलनं, एकेक खांब तपासत. जी तार तुटलीच नव्हती, ती तो तीन तास शोधत होता. परत येताना सायकलीसकट नाल्यात गेला. पाय मुरगळून घोट्याला कोहळ्याएवढी सूज.

इकडं देवमनचा गावानं सत्कार केला. जानरावनं हार आणला. रज्जाक म्हणाला, “तूनं त गाव का नाम रोशन कर दिया.” दंतमंजनाचे सहा डबे अजून यायचे होते, पण ते कुणाकुणाला द्यायचे याची यादी तयार झाली होती. त्या यादीत अमीनाबी पहिली होती.

आणि मंगळवारी वरच्या ऑफिसातून कागद आला. देवमनला नव्हे, सेवादासला. पस्तीस मिनिटं लाइन बंद असताना बिघाडाचं ठिकाण व कारण का कळवलं नाही, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत सादर करावा, अन्यथा सेवापुस्तकात शेरा मारला जाईल.

हिवरदरीत अर्ज, खुलासे आणि नोटिशीची उत्तरं वच्छलाबाई लिहीत. सगळं गाव त्यांच्याकडे यायचं. सेवादासही आला, काठी टेकत. ओट्यावर बसला, कागद पुढं केला.

“बाई, लिहून द्या.”

“काय लिहू?” वच्छलाबाईंनी विचारलं. कागदाकडे पाहत विचारलं.

“मले काय समजते. मी अडानी मानूस,” सेवादास म्हणाला. त्यानं बिडी काढली, बाईंसमोर म्हणून परत ठेवली. “आठ ते आठ-पस्तीस तार तुटेल होती, असं बुकात हाय. अन् लोक म्हनतात, तुमचा देवमन सव्वाआठले रेडिओत बोल्ला. म्या अठ्ठावीस खांब पाह्यले बाई. तार धड. मंग तार नसताना पोराचा आवाज शहरात गेला कसा, तेवढं लिहा तुमी. तुमी कालेज शिकेल हा.”

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे उठला, म्हणाला, “शुक्रवारच्या टपालात गेलं पाह्यजे,” आणि काठी टेकत निघून गेला. उंबरा ओलांडताना त्याला पाय हातानं उचलावा लागला.

त्या रात्री देवमन आल्यावर वच्छलाबाईंनी ताट वाढलं नाही. कागद वाढला.

देवमननं तो वाचला. “साहेबायनं सेवादासले कायले इचारलं? बावा, चौकशी करायची तं मले करायची.”

“तेच म्हणते मी. तू सांग जाऊन. साहेबाले फोन कर, म्हण की लाइन बंद नव्हती, मी बोलत होतो.”

“माय, माही ऑर्डर येऊन राह्यली पुढच्या महिन्यात.”

“सेवादासची दोन वर्षं राहिली पेन्शनीले.”

“शेरा मारतीन. शेऱ्यानं काय होते? सगळ्यायलेच मारतात शेरे.” मग त्यानं कागदाची घडी घातली, आणि वच्छलाबाईंना वाटलं, आता बोलेल. तो बोलला. “खरं सांगू काय माय? हे सगळं त्या खिदळ्यामुळं झालं. पोस्टकार्ड चालू असतं तर मी फोन केला असता काय? बारा वर्षं केला का? खेळ त्यानं बदलला. मी नाही बदललो.”

“अन् बीले तोंडावर लाइन गेली म्हणून सांगितलं, तेही खिदळ्यानंच का?”

“मले वाटलं, दोन मिनिटाचं काम हाय. त्याईनं होल्डवर ठेवलं, अन् मंग डब्यायसाठी पत्ता घ्यायले परत थांबवलं.”

“अन् सेवादास?”

“तो सायकल नीट नाही चालवत.”

वच्छलाबाईंनी त्याला गुरुवारी दुपारपर्यंतची मुदत दिली. शाळेतल्या मुलांना द्यायच्या तशी. म्हणाल्या, “ड्युटीवर जाच्या आधी काय ते ठरव.” तो “हो” म्हणाला. मग त्यांनीच ताट वाढलं, कारण शेवटी आई होत्या, आणि तो दोन भाकरी खाऊन झोपला. घोरायला लागला.

त्या जाग्या राहिल्या. त्यांना सारखं एकच वाटत होतं. पोरगा वाईट नव्हता. कुणाच्या वाटेला न जाणारा होता. आजारी माणसाचा कॉल असला की तो चार ठिकाणी विनवण्या करून लावून द्यायचा, आणि लोक त्याला दुवा देत. एक्स्चेंजात बसून गावाचं सगळं ऐकत असूनही त्यानं कधी एक गोष्ट बाहेर सांगितली नव्हती. मग याच एका जागी तो असा कसा झाला? त्यांना स्वतःचाच आवाज आठवला: आपलं नाव शेवटी. त्यानं ते इतकं ऐकलं, की नाव सांगायची वेळ आली की दहा जणांच्या मागं उभं राहायचं, एवढंच त्याला येत होतं. मिरवायलाही तसाच, आणि लपायलाही तसाच.

बुधवारी त्यांनी अमीनाबीला विचारलं.

“नोको करू काही,” अमीनाबी म्हणाली. ती नातीसाठी झबलं शिवत होती. “पोट्टं हाय. नोकरी गेली त काय करंन? रेडिओ आयकंन दिवसभर.”

“अन् सेवादास?”

अमीनाबीनं दोरा तोडला. “मले काहून इचारते? माह्या तं नातीनं भोगलं नाही काही. पाय त्याचा सुजला. त्याले इचार.”

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर वच्छलाबाई घाईनं घरी आल्या. देवमन टेबलाशी बसून लिहीत होता. फुलस्केप कागद, समासाची घडी, शाईचं पेन. अर्ज लिहितात तसं. त्यांना हायसं वाटलं. चप्पल काढून त्या हलक्या पावलानं आत गेल्या. त्याची तंद्री मोडू नये म्हणून चहासुद्धा आवाज न करता ठेवला. सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली. त्यांनी मनात वाक्यंही तयार केली: साहेब चांगले असतील, कबूल करणाऱ्याला थोडं सांभाळून घेतात, फार तर ऑर्डर वर्षभर पुढे जाईल.

“झालं माय,” तो म्हणाला. “शुद्धलेखन पाहून दे. मले दोनले पोचायचं हाय.”

त्यांनी कागद घेतला.

‘मा. निवेदक, पाचाला पाच. महोदय, गेल्या गुरुवारी आपण आमच्या अकरा नावांपैकी फक्त पाच नावं प्रसारित होऊ दिली व उर्वरित सहा जणांचा घंटी वाजवून अपमान केला. आपल्या खेळाचे आम्ही बारा वर्षांपासूनचे निष्ठावंत श्रोते असून, सत्य आणि नियम यांची ही पायमल्ली आम्ही मुकाट्यानं…’

पुढे दोन पानं होती. वच्छलाबाईंनी ती शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. कागद परत दिला.

“सेवादासचं काय ठरवलं?”

“ते पाहू उद्या,” देवमन शर्टाची बटणं लावत म्हणाला. “आज गुरुवार हाय ना माय.”

तो गेला. वच्छलाबाईंनी चहा गाळला, पण प्यायला नाही. कपाटातून सेवादासचा कागद काढला. त्याच्याखाली कोरा कागद होता, त्यावर ‘खुलासा’ एवढाच शब्द लिहिलेला. ते कागद घडी करून त्यांनी पदराखाली घेतले आणि बाजाराच्या रस्त्याला लागल्या. देवमनची ऑर्डर डोळ्यांपुढे येत होती, उकंडराव रविवारी आल्यावर काय म्हणतील हेही येत होतं. रज्जाकच्या दुकानापर्यंत यायला पाच मिनिटं लागतात. त्यांना त्या दिवशी पंधरा लागली. एकदा तर त्या अर्ध्या वाटेतून मागे वळल्या, आणि सेवादास समोरून काठी टेकत येताना दिसला नसता तर घरी पोचल्याही असत्या. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि पाय ओढत पुढे गेला.

रज्जाक कापडाचा ताका उलगडत होता.

“फोन करायचा आहे,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“करा ना बाई. पोराशीच बोलायचं असंन?”

त्यांनी दांडी फिरवली. कानाला रिसीव्हर लावला. पलीकडून देवमनचा ड्युटीवरचा आवाज आला, मऊ आणि अदबीचा. घरी तो कधी ऐकायला मिळत नसे.

“नंबर?”

“ट्रंक कॉल नोंदव,” वच्छलाबाई म्हणाल्या. “वरच्या ऑफिसातल्या साहेबांना. अर्जंट.”

तिकडं मागे बोर्डावर कुणाचा तरी फोन आल्याची खुंटी पडल्याचा आवाज आला. त्यानं तो घेतला नाही.

“माय,” तो अगदी हळू म्हणाला. मग कागद ओढल्याचा आवाज आला, आणि त्याचा आवाज, किंचित फाटलेला. “कोणाच्या नावानं लिहू?”

“वच्छला इंगोले,” त्या म्हणाल्या. “एकच नाव लिही.”